कृपया गाणं संपेपर्यंत थांबा

पाणीपुरवठा कार्यालयाचा तक्रारीचा फोन कोणी उचलत नाही, ही गोष्ट सर्वमान्य होती आणि तिच्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. करायची तर त्याच फोनवर करावी लागली असती.

घोगऱ्या मात्र इमानेइतबारे फोन लावायचा. रस्त्याखालचा मोठा पाइप फुटला होता आणि पाणी थेट त्याच्या आईच्या तळघरात उतरत होतं. तळघरात त्याचा पंक बँड तालीम करायचा. गायला तो, बास गिटारवर थोरली बहीण, आणि दाताच्या दवाखान्यात दिवसभर कवळ्या घासणारा मित्र ड्रमवर. ड्रम विटांवर चढवता आले. आईच्या खोलीची भिंत कशावर चढवणार? ती खालून फुगत चालली होती आणि आई तिलाच पाठ लावून झोपायची.

शेवटी त्यांनी डोकं फिरून गाणं केलं, 'उचला की!' जेमतेम दोन मिनिटांचं, पण त्यात शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत कोणाला सोडलं नव्हतं. बँड स्वतंत्र. कंपनी नको, करार नको, हक्कबिक्क तर मुळीच नको. म्हणून ताईनं मुखपृष्ठावर ठळक लिहिलं: ज्याला वाटेल त्यानं, वाटेल तिथं, फुकट वाजवावं.

कार्यालयाला वाटलं.

(आपण रांगेत आहात. आपला संताप आमच्यासाठी मौल्यवान आहे.)

बातमी आईनंच दिली. तिनं पाइपसाठी फोन लावला होता.

"तुझंच गाणं लागलंय रे तिकडे. दोनदा ऐकलं. आता शब्दसुद्धा कळतात. हेच शिकवलं का मी तुला?"

जिथं पूर्वी बासरी वाजायची तिथं आता घोगऱ्या बोंबलत होता. 'नागरिकांचा संताप, नागरिकांच्याच आवाजात' असं कार्यालयानं अभिमानानं जाहीर केलं. गाणं तेवढं आखूड पडतं, अशी नम्र सूचनाही केली.

बँडनं तडकाफडकी दुसरं गाणं काढलं, 'आमचं गाणं बंद करा'. या वेळी निदान ती फुकटची ओळ काढू, असं घोगऱ्या म्हणत होता. ताई ऐकेना. एकदा फुकट म्हटलं की फुकट, उद्या लोक काय म्हणतील, आपल्याला तत्त्वं नाहीत? ओळ राहिली. कार्यालयानं दुसरं गाणंही घेतलं. प्रतीक्षेतल्या गाण्याबद्दल तक्रार असल्यास दोन दाबा, अशी सोय झाली. दोन दाबलं की ते वाजायचं.

लोकांना हे भलतंच आवडलं. नळ कोरडा असलेला माणूस फोन लावी, स्वयंपाकघरात मूठ उगारून घोगऱ्याबरोबर दोन कडवी ओरडे आणि हलका होऊन फोन ठेवून देई. एका नवख्या कारकुनानं ऐन ध्रुवपदाला फोन उचलला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्याची बदली झाली. तक्रारी घटत घटत शून्यावर आल्या आणि कार्यालयाचा सत्कार झाला.

भिंतीला तडा गेला. आईनं खाट खोलीच्या मधोमध ओढली. घोगऱ्या उठला आणि थेट कार्यालयात गेला.

जनसंपर्क अधिकारी बाईंनी त्याला ओळखलं, खुर्ची दिली, धाकट्या भाच्यासाठी सहीसुद्धा मागितली.

"मॅडम, मला पाइपची तक्रार नोंदवायचीय."

"ती तुम्ही गाण्यात केलीच आहे. एका बाबीची दोनदा नोंद होत नाही."

"मग गाण्यावर कारवाई करा."

"गाणं सांस्कृतिक विभागाकडे वर्ग झालं. ते पाइपला हात लावत नाहीत." बाईंचा चेहरा खरोखर हळवा झाला होता. "आणि खरं सांगू? पाइप दुरुस्त झाला, तर तुम्ही तिसरं गाणं कशावर करणार?"

(कृपया फोन ठेवू नका. आपल्यासारखेच इतर अनेक जण काहीही करत नाहीत.)

तेव्हा घोगऱ्यानं शेवटचा उपाय केला. घरासमोर, फुटक्या पाइपशेजारीच, रस्त्यावर कार्यक्रम ठेवला. ही गर्दी लोटली. मुठी वर गेल्या, मोबाइल वर गेले. 'उचला की!' अर्ध्यावर आणून त्यानं ड्रम थांबवायला लावले.

"गाणं राहू दे," तो माइकवर म्हणाला. "माझी आई आत आहे. भिंत पडेल. आपण सगळे आत्ताच्या आत्ता कार्यालयात जाऊ आणि पाइप जोडेपर्यंत तिथून हलायचं नाही."

मग पुढच्या रांगेतला एक जण भारावून शेजारणीला म्हणाला, "हे तिसरं."

"भिंत पडेल!" कोणीतरी मागून ओरडलं.

"भिंत पडेल! भिंत पडेल!" सगळा रस्ता ठेक्यात ओरडू लागला. ड्रमवाल्याच्या हातांनी सवयीनं तो ठेका धरला. ताईनं थोडा वेळ ओठ आवळून धरले. मग तिचीही बोटं तारांवर गेली. घोगऱ्या एकटाच हात जोडून उभा होता आणि त्याचा तो आविर्भाव सर्वांना फार दमदार वाटला.

आई काखेत उशी घेऊन दारातून बाहेर आली. ती फाटकापाशी पोचते न पोचते तोच मागे धडाड असा आवाज झाला आणि धुळीचा लोट उठला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अशी सांगता कोणी पाहिली नव्हती.

मग लोक आपापल्या घरी निघाले. पाइपचं पाणी रस्ताभर पसरलं होतं, त्यामुळे जाताना प्रत्येकाला उडी मारावी लागली. तुम्हीही मारलीत, चपला हातात घेऊन, ठेका गुणगुणत. चांगली उडी होती. अंगावर एक थेंब उडाला नाही.