ठेच्याचं बोट

गोदाआत्या लग्नालासुद्धा स्वतःचा ठेचा घेऊन जायची. पिशवीत एकवेळ कंगवा नसेल, पण हिरव्या ठेच्याचा डबा असायचाच.

बोरी गावात एका लग्नात पंगतीला बसली, वरणाचा पहिला घास घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "हे वरण हाय का गरम पाणी?" लगेच डबा काढला. शेजारणीनं बोटभर मागितला, मग तिच्या शेजारणीनं, असं करत डबा पंगतीच्या टोकाला गेला. आचारी रुसला. "आता त्या बाईलाच जिलेब्या तळायला सांगा," म्हणून कडेला जाऊन बसला. नवरीच्या बापाला त्याच्या हातापाया पडावं लागलं. आत्याला कशाची फिकीर? हात धुताना म्हणते कशी, "लय चांगलं लग्न झालं."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, तेव्हापासून गंगाखेडला आमच्याच घरी. आधी मला वाढवलं, आता माझ्या लेकीला, सईला वाढवायलीय. तिनं तव्यावर मिरच्या टाकल्या की सगळी गल्ली खोकायची. पोस्टमन तर आमच्या दारात हाक मारतच नसे, नुसता ठसका देऊन जायचा. सर्दीवर ठेचा, तापावर ठेचा, आणि जेवणाबद्दल एकच मत: "तिखट नसंल तर जेवावं कशाला? सलाईन लावा की!"

डोळ्यांचंही शास्त्र तिच्याकडे तयार होतं. "तिखट खाल्लं की पाणी येतं, पाण्यानं डोळे धुतल्या जातात. म्हणून आमच्या टायमाला चष्मे नव्हते." पण सईच्या डोळ्यांनी हे शास्त्र काही ऐकलं नाही. चौथीत गेली तशी पोरगी फळ्याशी जाऊन उभी राहायला लागली. चष्मा लागला, नंबर वाढला, पुन्हा वाढला. शेवटी परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं.

"नंबर जाणार नाही," त्या म्हणाल्या, "पण वाढायचा वेग कमी करता येईल. मुलांसाठी खास लेन्स असतात. सकाळी घालायच्या, रात्री काढून फेकायच्या, दुसऱ्या दिवशी नवीन. आणि रोज उन्हात खेळायचं. आत्ता दुर्लक्ष केलं तर नंबर भराभरा वाढेल, मग मोठेपणी डोळ्यांचे भलते आजार मागे लागतात."

आत्यानं पदर तोंडाला लावला. "अगं माय! इवल्याशा डोळ्यात काच?"

"काच नाही आजी, मऊ असतं. सई शिकेल स्वतः घालायला. पण सकाळी शेजारी कुणीतरी मोठं माणूस हवं."

आता आमच्या घरात मोठी माणसं तीन. बायको शिक्षिका, सकाळच्या एसटीनं सोनपेठला जाते. मी खतांच्या दुकानात, पोती उचलून बोटं अशी झालीत की शर्टाचं बटण लावायलाही बायको लागते. दवाखान्यात मी लेन्स हातात घेऊन बघितली. ती कुठं गेली म्हणून सगळे शोधायला लागले, तर माझ्या मिशीला चिकटलेली. सई पोट धरून हसली.

"मी हाय की," आत्या म्हणाली. "गव्हातले खडे निवडणारी बोटं हायेत ही."

डॉक्टरीणबाईंनी साबणानं हात धुवायला, स्वच्छ कोरडे करायला शिकवलं. आत्यानं तिथं इतके हात धुतले की नर्सनं नळ बंद केला.

पहिल्या दिवशी सकाळी आत्यानं देवाला दिवा लावला, सईला गुळाचा खडा दिला, सांगितल्याप्रमाणे साबणानं खसाखसा हात धुतले. सगळं अगदी बरोबर. फक्त त्याच्या आधी, नेहमीप्रमाणे, तिनं खलबत्त्यात ठेचा कुटून हातानं डब्यात भरला होता. ती ज्या मिरच्या खात होती, त्या साबणाला जुमानणाऱ्यातल्या नव्हत्या!

सईची लेन्स नीट बसेना. आत्यानं मदतीला बोट लावलं. पुढं जे झालं ते सांगायची सोय नाही. पोरीनं घर डोक्यावर घेतलं, मी तिचं डोकं नळाखाली धरलं, आत्या नुसती "काय केलं मी, काय केलं मी" करत उंबऱ्यावर बसली. माझं डोकंच फिरलं. "आग लाव त्या ठेच्याला!" मी ओरडलो.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, मला झाडलं आणि देवाच्या दयेनं काही झालं नाही असं सांगितलं. काही दिवस थांबून पुन्हा सुरू करा, म्हणाल्या. पण सई आता ऐकेना. "मला लेन्स नको. आंधळी झाले तरी चालेल." बायकोनं समजावलं, मी सायकलचं आमिष दाखवलं. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली. नंबर मात्र आमच्यासाठी थांबणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी खलबत्ता जागेवर नव्हता. आत्यानं तो शेजारच्या कुसुमकाकूंना देऊन टाकला होता. आत्याच्या ताटात दोन्ही वेळा दूधभात. भाजीतल्या मिरचीलासुद्धा हात लावेना, बायकोला म्हणायची, "तूच चीर बाई." गल्लीत खोकल्याचा आवाज बंद झाला. पोस्टमननं विचारलं, "आत्याबाई आजारी आहेत काय?"

मग एका सकाळी आत्यानं हात धुतले आणि सईला समोर बसवलं. "बाई, तू घालू नगस. नुसतं बघ." असं म्हणून तिनं स्वतःचं बोट सरळ स्वतःच्या डोळ्याला लावलं. सई डोळे फाडून बघायला लागली.

"चुरचुरतं?"

"न्हाई."

"खरं सांग."

"तुझ्या गळ्याची आण. आदी माझा डोळा, मंग तुझा. रोज."

तेव्हापासून हेच चाललंय. आत्या स्वतःच्या डोळ्याला बोट लावते, सई तिचं तोंड निरखून बघते, मग आत्या पुन्हा हात धुते आणि सई लेन्स घालते. आता ती स्वतःच घालते, आत्याच्या बोटाचं कामही उरलेलं नाही. पण आत्याची ही परीक्षा झाल्याशिवाय पोरगी लेन्सच्या पाकिटाला हात लावत नाही.

परवा तपासणी झाली. नंबर जेमतेम हलला होता. डॉक्टरीणबाई खूश, सई खूश, आम्ही पेढे घेऊन आलो. आत्यानं पेढा खाल्ला आणि पुन्हा दूधभात कालवायला घेतला. मला काही ते बघवेना. कुसुमकाकूंकडून खलबत्ता आणला, मिरच्या भाजल्या, माझ्या या रांगड्या हातांनी ठेचा कुटला आणि भाकरीबरोबर तिच्यापुढं ठेवला.

आत्यानं वास घेतला, डोळे मिटले आणि ताट सरकवलं. "नगं बाळ्या. सकाळी पोरीपुढं बोट धरायचंय."

"चमच्यानं खा."

"ठेचा चमच्यानं? त्यापेक्षा सलाईन लाव."

माझी बोटं तशीही कुणाच्या डोळ्याच्या कामाची नाहीत. मी भाकरी मोडली, ठेच्यात बुडवली. "आ कर."

"येडा झाला का? मी काय लहान हाय?"

"आ कर म्हणतो ना!"

तिनं तोंड उघडलं. सावकाश चावत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"लय तिखट झाला का आत्या?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. "लग्नात त्यांनी एक घास भरवला होता," ती म्हणाली. "त्याच्यानंतर आज." मग पदरानं डोळे पुसले. "मीठ कमी पडलंय तुझं," म्हणाली आणि पुन्हा आ केला.