एक जंगल, एक रांजण

एका जंगलात आखडी नावाचा रोग शिरला, मुलांनो, आणि जंगलाने त्याच्याकडे न बघण्याचा ठराव एकमताने मंजूर केला.

आखडी म्हणजे काय? अंगातली जी फौज बाहेरच्या शत्रूशी लढायची, ती घरच्यांवरच उलटते. सांधे सुजतात. मिटलेला पंजा उघडत नाही, उघडलेला पंख मिटत नाही. हरणाला आखडी झाली की हरीण वाघाकडे बघत उभं राहतं. वाघाला झाली की वाघ हरणाकडे बघत उभा राहतो. पण तब्येतीची चौकशी कोणीच करत नाही. कारण त्या जंगलात रोग झाल्याचं कबूल केलं की पहिला प्रश्न यायचा, "तुमच्या कुळात आहे का हो हे?" मग त्या घरात ना सून यायची, ना त्या घरची लेक कुठे दिली जायची.

औषध एकच होतं. वैद्यराज बगळ्यांचा काळमुळीचा काढा. तो काहींना लागू पडायचा. काही तो पिऊन चार दिवसांत संपायचे. रोगी बरा झाला तर तो काढ्याचा गुण. मेला तर तो कुळाचा दोष. अशा रीतीने वैद्यराजांच्या हातून आजवर एकही रोगी दगावला नव्हता.

केतकी साळुंकी उत्तरेकडच्या बर्फाच्या देशात शिकायला गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्यापाशी एक भिंग होतं आणि आपलं जंगल सुधारायची घाई होती. घरट्यात पाऊल टाकताच तिला दिसलं, की आईचा उजवा पंख अंगापासून सुटून लोंबतोय.

"आई, हे कधीपासून?"

"हळू बोल," आई म्हणाली. "पलीकडच्या फांदीवर पोपटीण राहते."

"काढा घेतलास?"

"नाही गं. काढा मागायला गेलं की कळतंच ना सगळ्यांना. आणि तुझ्यासाठी स्थळ बघायचंय अजून."

केतकीला हसूही आलं आणि रडूही. पण काढा घेतला नाही हे ऐकून तिला जरा हायसं वाटलं. काढा आईला वाचवेल की मारेल, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते कळण्याची वाट मात्र ती शिकून आली होती.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली. महाराज सिंह झोपले होते. ते नेहमीच झोपलेले असत, म्हणून राज्य प्रधान कोल्होबा चालवत.

"प्रधानजी," केतकी म्हणाली, "प्रत्येकाच्या अंगात जनुकं असतात. चोच कशी घडवायची, जखम कशी भरायची, याच्या त्या सूचना. त्या आईबापांकडून येतात. पण सगळ्या सूचना सगळ्या वेळी जाग्या नसतात. काही जाग्या, काही झोपलेल्या."

"महाराजांसारख्या," मागून माकड म्हणालं.

"मधमाश्यांचं बघा. राणीमाशी आणि कामकरी माशी, दोघींची जनुकं एकाच वळणाची. अळी असताना खाऊ वेगळा मिळतो, वेगळी जनुकं जागी होतात, आणि एक राणी होते, एक मोलकरीण. आखडीचंही तसंच असणार. वरून रोग एक दिसतो, पण आत प्रत्येकात वेगळी जनुकं खवळलेली असतील. ज्यांना काढा लागू पडला त्यांच्यात कोणती जागी आहेत, ज्यांना बाधला त्यांच्यात कोणती, आणि निरोग्यांत कोणती, हे मला या भिंगातून बघता येईल. मग कोणाला काढा द्यायचा आणि कोणाला चुकूनही द्यायचा नाही, हे आधीच सांगता येईल."

कोल्होबांनी विचारलं, "म्हणजे दोष कुळाचा नाही?"

"नुसता कुळाचा नाही."

"मग मोठेपणा तरी कुळाचा आहे ना?" मोराने घाबरून विचारलं.

वैद्यराज बगळे एका पायावर उभे होते. त्यांनी एक डोळा उघडला. "बाळ, आमच्या सात पिढ्या काढा उकळण्यात गेल्या. तू चार हिवाळे बर्फात काढलेस. सर्दी झाली नाही ना?"

दरबार खो खो हसला. पण परदेशातून आलेल्या वस्तूला नाही म्हणणं त्या जंगलाच्या रीतीत बसत नव्हतं. भिंगाला हार घातला गेला. मोहीम मंजूर झाली.

केतकीची मागणी अगदी साधी होती. प्रत्येकाने रक्ताचा एक थेंब पळसाच्या पानावर द्यायचा आणि पानावर काट्याने नाव कोरायचं.

ठरल्या दिवशी मांडव पडला. नारळ फुटला. सगळं जंगल आलं. पण पानं कोरीच राहिली.

"नाव घालायचं?" सांबरीण म्हणाली. "मुलीचं जमत आलंय हो आमच्या."

"आमच्याकडे कोणाला काही नाहीच," लंगडत आलेलं रानडुक्कर म्हणालं. "हे चालताना जरा पाय मुरगळला."

कोल्होबा पुढे आले. ते अडचणीतून मार्ग काढण्यात वाकबगार होते. रोगातून काढण्यात नव्हते, पण तो वेगळा विषय. त्यांनी मांडवात एक भला मोठा रांजण आणवला.

"बंधूंनो, भगिनींनो! वेगळं पान कशाला? वेगळं नाव कशाला? सगळ्यांनी आपला थेंब या रांजणात सोडा. आपण सगळे एक आहोत. एक जंगल, एक रांजण!"

असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की महाराज कुशीवर वळले. एरवी एका पाणवठ्यावर पाणी न पिणारे प्राणी एका रांजणासाठी रांगेत उभे राहिले.

"थांबा!" केतकी ओरडली. "मिसळलं की काहीच कळणार नाही! एकाचं जनुक जागं असेल, दुसऱ्याचं झोपलेलं असेल, मिळून सगळं सपाट दिसेल. निदान आजारी आणि निरोगी तरी वेगळे ठेवा!"

"भेदभाव करतेस?" कोल्होबांनी दुखावल्या आवाजात विचारलं.

"लाज नाही वाटत?" मोर म्हणाला. त्याची रांग वेगळी होती.

केतकीने घरीच आईचा थेंब घेऊन ते पान तेवढं आपल्या पंखाखाली जपून ठेवलं होतं. गर्दी ओसरल्यावर तिने पंख उचलला. पान नव्हतं. आई रांजणापासून परत येत होती, लोंबता पंख पदरासारखा पुढे ओढून.

"आई!"

"सगळ्यांनी टाकलं, मीच नाही टाकलं तर पोपटीण काय म्हणेल?"

केतकीने तरीही रांजणाला भिंग लावून पाहिलं. जे तिला वाटलं होतं तेच दिसलं. कोणतंही जनुक फार जागं नाही, कोणतंही फार झोपलेलं नाही. ओरडा आणि शांतता मिळून नुसती गुणगुण.

"याला काही अर्थ नाही," ती म्हणाली.

"म्हणजे वावगं काही नाही," कोल्होबांनी समजून घेतलं, आणि दवंडी पिटवली. "अत्याधुनिक भिंगाने सिद्ध झालं आहे, की आपलं जंगल सर्वसाधारणपणे निरोगी आहे!"

"पण माझे पाय?" एका सशाने विचारलं. त्याला दोघांनी उचलून आणलं होतं.

"ते सर्वसाधारणात येत नाहीत."

मग आरोग्य महोत्सव झाला. केतकीला मंचावर बसवून शाल पांघरली, श्रीफळ दिलं, आणि तिच्या भाषणाच्या वेळी ताशा वाजवला. वैद्यराज बगळे तीर्थासारखा काढा वाटत गर्दीतून फिरू लागले. निरोग्यांचं आरोग्य टिकावं म्हणून. ज्याने हात मागे घेतला त्याला ते प्रेमाने विचारत, "का? काही आहे का तुम्हाला?"

ते आईपुढे आले. शेजारी पोपटीण उभी होती.

केतकी मंचावरून ओरडली, "आई, पिऊ नकोस! अजून काही कळलेलं नाही! पिऊ नकोस!" ताशाने आवाज गिळला. शालीत अडकलेले पंख तिला लवकर सोडवता आले नाहीत. आईने एकदा पोपटिणीकडे पाहिलं, लोंबता पंख आणखी घट्ट ओढून घेतला, आणि चोच पुढे केली.

चौथ्या दिवशी आई गेली. कोल्होबांनी शोकसभा घेतली. सभेत सांगण्यात आलं, की केतकीच्या मातोश्रींचं निरोगी अवस्थेत निधन झालं.

केतकीने शाल घरट्याबाहेर टाकली. भिंगही टाकणार होती. तेवढ्यात ससा खुरडत आला. या वेळी मागच्या वाटेने. त्याच्याकडे एक पान होतं.

"माझं नाही हां," तो म्हणाला. "एका ओळखीच्याचं आहे."

मग सांबरीण आली, रानडुक्कर आलं. सगळ्यांकडे ओळखीच्यांची पानं होती. कोणाच्या ओळखीच्याला काढा लागू पडला होता, कोणाच्या ओळखीच्याला बाधला होता. पोपटीण एक पान घेऊन आली आणि त्यावर वैद्यराजांचं नाव कोरलं होतं. केतकीने कोणालाच काही विचारलं नाही. नावं खोटी होती, पण रक्त खरं होतं, आणि मुख्य म्हणजे वेगवेगळं होतं.

भिंगाखाली आखडी उघडी पडली. एक नव्हे, दोन. एकीत काही जनुकं पेटली होती, आणि काळमुळी नेमकी ती विझवत होती. दुसरीत वेगळीच पेटली होती, आणि काळमुळी त्यांच्यावर तेल ओतत होती. एका थेंबात सांगता येण्याजोगी गोष्ट होती. आईच्या एका थेंबात.

शेवटी कोल्होबा आले. पंजे वाकडे झाले होते.

"पोरी, हे लांडग्याचं आहे बरं का."

केतकीने पाहिलं. दुसरी आखडी होती. तिची चोच घट्ट मिटली. काढ्याने आईला नेलं ते हिच्यामुळेच.

"लांडग्यांना सांगा," ती अखेर म्हणाली, "काढ्याचा थेंबही घेऊ नका. सुजेवर निर्गुडीचा शेक द्या. आणि यापुढे रक्त स्वतःच्या नावाने द्या म्हणावं."

कोल्होबांनी काढ्याला तोंड लावलं नाही, निर्गुडीचा शेक घेतला. सूज उतरली. पुढच्या सभेला ते चारी पायांवर ताठ चालत आले, आणि गहिवरून म्हणाले, "हे आरोग्य मला कोणी दिलं? रांजणाने!"

त्याच सभेत रांजणाला सोन्याचं झाकण बसवायचं ठरलं. काढा वाटण्याची पद्धत होती तशीच चालू ठेवली. आजही ज्याला जगायचं असतं, तो पानावर दुसऱ्याचं नाव कोरून मागच्या वाटेने केतकीकडे जातो, आणि पुढच्या वाटेने येऊन रांजणाला नमस्कार करतो.

तात्पर्य: मुलांनो, आपलं रक्त नेहमी सगळ्यांच्या रक्तात मिसळूनच द्यावं. मग रोग सापडत नाही, आणि जो सापडत नाही तो घराण्याला लागत नाही. माणूस मरायचा तो मरतोच. पण निरोगी म्हणून मरतो.