माझी लोअर इंटरमिजिएट कॅन्टोनीज

सगळा घोटाळा झाला तो एका चौकोनात बरोबरची खूण केल्यामुळे. फॉर्मवर तीन चौकोन होते. बिगिनर, लोअर इंटरमिजिएट आणि अप्पर इंटरमिजिएट. मी पहिला सोडला आणि दुसऱ्यात खूण केली. बावन्नाव्या वर्षी स्वतःला बिगिनर म्हणवून घ्यायला जीव धजेना. शिवाय ‘लोअर’ हा शब्द माझ्या ओळखीचा, साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात अठ्ठावीस वर्षं मी त्याच्याच आसपास वावरतोय. आणि इंटरमिजिएट म्हणाल तर शाळेत चित्रकलेची ती परीक्षा मी दिली होती. (सी ग्रेड. मी फुलदाणी काढली होती, परीक्षकांना तो पाण्याचा बंब वाटला.)

फॉर्म होता कॅन्टोनीज भाषेच्या ऑनलाइन वर्गाचा.

श्रीरामपूर-पुणतांबा रस्त्यालगतच्या वस्तीवर राहणाऱ्या माणसाला कॅन्टोनीज कशाला लागते, असं तुम्ही विचाराल. ऑफिसातल्या आबासाहेबांनीही विचारलं होतं. त्याचं असं झालं, आमची एकुलती एक मुलगी दिशा तीन वर्षं हाँगकाँगला नोकरी करते. मे महिन्यात तिचा फोन आला.

“बाबा, मी लग्न ठरवलंय. मुलगा इथलाच आहे. का-मिंग नाव.”

हे ऐकून सविता, म्हणजे आमची सौभाग्यवती, मटकन खाली बसली आणि मी उभा राहिलो. बातमी कसलीही असो, मला बसवत नाही. मी ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारू लागलो.

“त्याचे वडील नाहीत,” दिशा म्हणाली. “आई आहे. मिसेस चान. त्या दिवाळीनंतर आपलं घर बघायला येणारेत. बाबा, त्यांच्या मनात अजून धाकधूक आहे. कुठली माणसं, कशी असतील, म्हणून. आणि त्यांना फक्त कॅन्टोनीज येते.”

“थोडंफार इंग्रजी?”

“तुमच्याइतकं.”

म्हणजे तोही मार्ग बंद.

माझी आई रंगुबाई दारात बसून हुलगे निवडत होती. तिने शांतपणे विचारलं, “काय नाव म्हनली पोराचं?”

“का-मिंग.”

“कानिफच म्हनू आपन. लई अवघड नको.”

आईचा प्रश्न तिथे सुटला. माझा सुरू झाला. मुलीच्या सासूसमोर आपण मुक्यासारखे बसणार, ती आपल्याकडे बघणार, आपण तिच्याकडे बघणार, आणि तेवढ्यात ती मनाशी ठरवणार की या लोकांकडे सोयरीक नको. हा विचार मला बसू देईना, जेवू देईना. मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं, वीस दिवसांत नमस्कार, आभार आणि एक ते दहा आकडे शिकलो. एवढ्या शिदोरीवर मी तो दुसरा चौकोन गाठला.

वर्ग आठवड्यातून तीनदा, सकाळी साडेसहाला. शिकवायला मिस लाऊ. बरोबरचे विद्यार्थी म्हणजे दोन नर्सेस, एक जर्मन इंजिनिअर आणि एक कोरियन बाई. सगळे हाँगकाँगमध्ये राहणारे आणि भाजीवाल्याशी रोज भांडणारे. त्यांनी भांडून भाषा कमावली होती. मी पहिल्याच दिवशी उतरलो तो थेट ‘घरमालकाकडे छत गळण्याची तक्रार’ या धड्यात. दुसऱ्या आठवड्यात ‘डॉक्टरकडे’. (मला विहीणबाईंना “या, बसा” म्हणायचं होतं. ते बिगिनरला होतं.)

त्यात त्या भाषेला सूर सहा. तोच शब्द वर ताणला तर एक अर्थ, खाली सोडला तर दुसरा. मिस लाऊंनी मला माझ्या नोकरीवरूनच उदाहरण दिलं. ‘थाँग’ खाली घसरवत म्हटलं की साखर. वरच्या पट्टीत सरळ धरलं की सूप.

“म्हणा, मी साखर कारखान्यात काम करतो.”

मी म्हटलं. जर्मन इंजिनिअर हसला. पुन्हा म्हटलं. नर्सेस हसल्या. मिस लाऊ दमून म्हणाल्या, “रोज सराव करा.”

मी रोज सराव केला. गोठ्यापुढे येरझाऱ्या घालत थाँग, थाँग करायचो. गायीने दूध कमी केलं असं सविताचं म्हणणं. स्कूटरवर हेल्मेटच्या आत करायचो. सिग्नलला शेजारचा मोटारसायकलवाला पुढे सरकून उभा राहायचा. ऑफिसात आबासाहेबांनी हजेरीपट मागितला तर मी त्यांचे कॅन्टोनीजमध्ये आभार मानले. सविताने दोनदा घशासाठी काढा दिला, तिसऱ्यांदा म्हणाली, “अहो, मोबाइल बोलतो ना भाषांतर करून? त्याला बोलू द्या की.”

“मग मी सकाळी साडेसहाला उठून काय झक मारतोय?”

“तेच विचारतेय.”

एकच शब्द मला पहिल्या फटक्यात जमला. ‘हाय.’ कॅन्टोनीजमध्ये ‘हो’ला ‘हाय’ म्हणतात, खालच्या, जड सुरात. मिस लाऊ स्क्रीनवरून “हाय? हाय?” असं विचारायच्या आणि मागून आईच उत्तर द्यायची, “हाय, हाय. कोन इचारतंय?”

मिस लाऊ पुढे झुकून पडद्यात डोकावल्या. “कोण बोललं? किती छान उच्चार!”

पाच महिन्यांत माझी झालेली ही एकमेव स्तुती, आणि तीही आईची.

नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात पाहुणे आले. का-मिंग उंच, लाजरा. आल्या आल्या आईच्या पाया पडला. (आई म्हणाली, “कानिफ, ऊठ बाबा.” तोही उठला.) मिसेस चान ठेंगण्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, हातात छोटी पर्स घट्ट धरलेली. चेहऱ्यावर हसू, पण डोळे घरभर फिरत होते. मी पाठ केलेला नमस्कार म्हटला. त्यांनी मान झुकवली. सुरुवात बरी झाली होती.

जेवणं झाली आणि दिशा म्हणाली, “बाबा, आम्ही दोघं श्रीरामपूरला जाऊन येतो. फोटो, झेरॉक्स, कागदपत्रांचं काम आहे. दोन तास. फार बोलू नका.”

“फार बोलू नका?” मला ते लागलं. “मी लोअर इंटरमिजिएट आहे.”

“म्हणूनच सांगतेय,” दिशा म्हणाली आणि गाडी निघाली.

ओसरीवर मी आणि मिसेस चान समोरासमोर. त्या हसल्या. मी हसलो. त्या पुन्हा हसल्या. माझा पाय हलायला लागला. शांतता मला सोसत नाही. मी उठलो, बसलो, उठलो आणि एका दमात म्हणून टाकलं, “मी साखर कारखान्यात काम करतो. अठ्ठावीस वर्षं.”

मिसेस चान यांचा चेहरा एकदम उजळला. पर्स बाजूला ठेवून त्या भराभरा बोलू लागल्या. त्यात ‘थाँग’ हा शब्द चारदा आला. मग दोन्ही हातांनी वाडगा धरल्यासारखं करून त्यांनी तो तोंडाला लावला. “यम् थाँग!”

‘यम्’ म्हणजे पिणं. हे मला येत होतं. मी धावत स्वयंपाकघरात गेलो.

“सविता, विहीणबाईंना साखर प्यायचीय!”

“साखर पितात?”

“त्यांच्याकडे पीत असतील. चहा कर. गोड कर. कारखान्याची अब्रू आहे.”

चहा गेला. चमचा उभा राहील असा. मिसेस चान यांनी घोट घेतला, थबकल्या, आणि पाहुण्याच्या रीतीने सगळा संपवला. मग पुन्हा वाडग्याची खूण. “थाँग?”

“अजून पाहिजे म्हणतात,” मी आत जाऊन सांगितलं.

लिंबू सरबत गेलं. त्यांनी अर्धा पेला कसाबसा घशाखाली उतरवला. हसू आता जरा आक्रसलं होतं. त्यांनी सावकाश, बोट उंच धरून, लहान मुलाला सांगावं तसं म्हटलं, “थाँग.” बोट वर का धरलंय हा विचार मला शिवला नाही. मी थेट डबा उघडला आणि वाटीभर दाणेदार साखर चमच्यासकट त्यांच्या पुढे ठेवली.

मिसेस चान वाटीकडे बघत राहिल्या. मग दोन्ही हात हलवत, घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, “थाँग-न्यू-बेंग! थाँग-न्यू-बेंग!”

पुन्हा थाँग! मी आणखी काय देऊ? घरात पेढे होते. मी पेढे आणायला वळलो आणि दारातच माझे पाय जमिनीला चिकटले. ‘डॉक्टरकडे.’ दुसऱ्या आठवड्यातला धडा. जर्मन इंजिनिअर रुग्ण झाला होता आणि मी डॉक्टर. थाँग-न्यू-बेंग म्हणजे मधुमेह.

“सविता,” मी म्हटलं. “त्यांना डायबेटिस आहे.”

सविताने हातातला पेढ्याचा बॉक्स माझ्याकडे असा रोखला, की क्षणभर वाटलं आता तो माझ्या टाळक्यात बसणार. “एका तासात तुम्ही पोरीच्या सासूला पाव किलो साखर पाजलीत?”

मी अंगणात धावलो, परत आत आलो, दिशाला फोन लावला, लागेना. का-मिंगचा नंबर नव्हता. श्रीरामपूरच्या डॉक्टरांना विचारायचं तर काय सांगू? लेकीचं लग्न माझ्या डोळ्यांपुढे विरघळत चाललं होतं. मी ओसरीवर परत आलो तर खुर्ची रिकामी.

मिसेस चान मागच्या पडवीत होत्या. आईजवळ पाटावर बसलेल्या. चुलीवर आईने संध्याकाळसाठी शेंगोळी रटरटत ठेवली होती. हुलग्याच्या पिठाची वळलेली शेंगोळी आणि लसूण घातलेला झणझणीत रस्सा. त्या वासामागून मिसेस चान तिथवर गेल्या होत्या. त्यांनी पातेल्याकडे बोट केलं.

“थाँग?” त्यांनी आईला विचारलं. “हाय? थाँग?”

“हाय,” आई म्हणाली. “हाय की. बसा. पन गरम हाय बरं का.”

“हाय, हाय!” मिसेस चान टाळी वाजवून म्हणाल्या.

“व्हय, हायच,” आई म्हणाली आणि तिने वाडगाभर रस्सा ओतून त्यांच्या हातात दिला.

मिसेस चान यांनी फुंकर घातली. एक घोट. दुसरा. नाकाच्या शेंड्यावर घाम आला. डोळे मिटून त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला. मग आईने त्यांचा हात धरून उठवलं. “चला, जरा शेतावर चक्कर मारू. लई ग्वाड खाल्लंया तुमी. माझ्या पोरानं खाऊ घातलंया.” मिसेस चान यांना काय कळलं देव जाणे, पण त्या निघाल्या. दोघी उसाच्या बांधाने चालू लागल्या. आई मराठीत, त्या कॅन्टोनीजमध्ये, दोघींची बडबड अखंड. मी त्यांच्या मागे वीस पावलांवर, हात चोळत.

दिशा आली तेव्हा मी फाटकातच गाठून सगळं सांगून टाकलं. ती आधी आत धावली. मिसेस चान यांच्या पर्समध्ये रक्तातली साखर मोजायचं यंत्र होतं. साखर वाढली होती, पण घाबरण्याइतकी नाही. त्यांनी गोळी घेतली आणि दिशाला बरंच काही सांगितलं. सांगता सांगता त्या हसू लागल्या. मग दिशा हसू लागली. मग का-मिंग भिंतीला टेकला.

“बाबा,” दिशा डोळे पुसत म्हणाली, “तुम्ही सूप बनवायच्या कारखान्यात आहात असं सांगितलंत. त्यांना सूप जीव की प्राण. म्हणून त्या मागत होत्या. त्या म्हणतात, मला वाटलं की सूपवाल्याच्या घरी सूप द्यायची पद्धत नसावी.”

“आणि लग्न?” मी विचारलं. माझा जीव तिथेच अडकला होता.

“त्या म्हणतात, पाहुणीला एवढ्या धावपळीने खाऊ घालणारी माणसं वाईट असणार नाहीत.”

तेव्हा कुठे मी बसलो.

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. माझं एक वाक्य शिल्लक होतं. पाच महिन्यांत सगळ्यात जास्त हेच वाक्य घासलं होतं. गाडीच्या दाराशी उभं राहून, मिस लाऊंना स्मरून, मी एकेक शब्द जपून टाकला, “माझ्या मुलीला सांभाळा.”

या वेळी सूर चुकला नसावा. मिसेस चान यांचे डोळे भरले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि त्या हळुवारपणे, बराच वेळ बोलल्या. अधूनमधून थांबून माझ्याकडे प्रश्नार्थक बघत. मला ओ की ठो कळलं नाही. (मी बोलायला शिकलो होतो, ऐकायला नाही.) पण दर वेळी मी मान हलवून, खालच्या, जड सुरात म्हणालो, “हाय. हाय. हाय.” त्यांनी माझा हात थोपटला. गाडी गेली. ओसरीवर परतताना मी सविताला म्हणालो, “बघितलंस? दोन भाषा, एक काळीज!”

आठ दिवसांनी दिशाचा फोन आला.

“बाबा, तुमचं खरंच कौतुक. एवढ्या मोठ्या मनाने कबूल झालात.”

“काय कबूल झालो?”

“लग्नाच्या जेवणात मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनी चार शब्द बोलायचे असतात. का-मिंगच्या मम्मींनी तुम्हाला विचारलं, तुमचं बोलणं आमच्या लोकांना कळणार नाही, तर तुमच्याऐवजी आजी बोलल्या तर चालेल का? त्यांची कॅन्टोनीज फार स्वच्छ आहे. तुम्ही शेजारी गप्प बसाल का? आणि आजींचं सामान उचलाल का? तीन प्रश्न विचारले. तिन्हींना तुम्ही हो म्हणालात.”

आईचा पासपोर्ट करायला टाकलाय. माझा होताच. कारखान्यात रजेचा अर्ज दिला तेव्हा आबासाहेबांनी विचारलं, परदेशात भाषण द्यायला निघालात वाटतं? मी म्हटलं, नाही. बॅग उचलायला.