सहावा रकाना

"हे काय काढून ठेवलंयस?" विजय सबनीस रेल्वेच्या तिकिटांचे कागद हवेत फडकावत ओरडले, आणि कतारच्या अल वक्र्यातल्या त्या फ्लॅटमध्ये शुक्रवार सकाळचे पोहे बशीतल्या बशीत गार झाले.

शशिकलाबाई लिंबू चिरत होत्या. "तिकिटं. तुम्हीच सांगितलंत ना काढायला?"

"पॅरिस ते इंटरलाकेन सोमवारी सांगितलं होतं, हे मंगळवारचं! व्हेनिसचं गुरुवारी, इथे शुक्रवार. रोमचंही तसंच. तिन्ही गाड्या एकेक दिवस उशिरा! आणि खाली छापलंय, बदलून मिळणार नाही. खलास!"

विजयराव पेशाने प्लॅनिंग इंजिनिअर. वर्ल्ड कपच्या स्टेडियमकडे जाणारा रस्ता कुठल्या आठवड्यात कुठवर पोचेल हे त्यांचे तक्ते सांगत, आणि रस्ता बिचारा महिनाभर उशिराने का होईना, पण ऐकत असे. बायकोला दिलेल्या युरोपच्या वचनाआड तीन वर्षं हाच रस्ता येत होता. यंदा जुलैत कशीबशी रजा मिळाली होती, तीही 'यानंतर वर्ल्ड कप संपेपर्यंत कुणालाही नाही' या अटीवर. आता हुकलं की शशिकलाबाईंनी बर्फ पाहायचा तो फ्रीजरमध्येच.

म्हणून तर त्यांनी फ्रीजच्या दारावर तीन रंगांचा तक्ता डकवला होता. त्यात तारखा नव्हत्या, फक्त वार. "तारखा कारकून बघतात," ते म्हणत, "प्लॅनिंगवाला वार बघतो." समोरच्या फ्लॅटमधल्या, मूळ रत्नागिरीच्या रियाजला त्यांनी तो मुद्दाम बोलावून दाखवला. रियाज टूर कंपनीबरोबर युरोपला जाऊन आलेला. तो म्हणाला, "विजयभाय, आमी मेंढरासारखे गेलो नि आलो. तुमचा काम म्हंजे काम हाय."

हॉटेलं विजयरावांनी जातीने बुक केली. विमान ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्ककडे गेलं, आणि रेल्वेच्या तिकिटांसारखं किरकोळ काम तेवढं बायकोच्या वाट्याला आलं. त्यातच पंधरवड्यापूर्वी बॉस अरुणकुमार आपण होऊन म्हणाले, "विजय, मंडे नहीं, ट्यूज़डे को जॉइन करो. एन्जॉय!" आपल्या कामाची कदर झाली, या आनंदात विजयरावांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"सोमवारी हॉटेल सोडायचं आणि गाडी मंगळवारी," ते आता म्हणाले. "रात्रभर बॅगा घेऊन फुटपाथवर बसायचं का?"

"बसू की. दशम्या नेऊ," शशिकलाबाई म्हणाल्या. "संकष्टी नसली म्हणजे झालं."

अशा बाईशी काय बोलायचं! विजयरावांनी लॅपटॉप उघडला. पॅरिसच्या हॉटेलात एक रात्र वाढवून मिळते का, हे बघण्यासाठी त्यांनी बुकिंगचा कागद लेकीपुढे, इरापुढे टाकला. "वाच. चेक-आउट सोमवार, बरोबर?"

"नो, बाबा. ट्यूज़डे."

"नीट वाच."

"चेक-इन सॅटर्डे, सिक्स्टीन्थ. चेक-आउट ट्यूज़डे, नाइन्टीन्थ."

विजयरावांनी उरलेले तीन कागद ओढून घेतले. चारही हॉटेलं एकेक दिवस पुढे गेलेली होती. "साइटच चुकली!" म्हणत त्यांनी हॉटेलवाल्यांचं कॅलेंडर उघडलं आणि पडद्यावर बोट आपटलं. "हा सहावा रकाना. शुक्रवार! चौदा वर्षं कतारमध्ये काढलीत, शुक्रवार कुठे असतो ते मला शिकवू नका."

"बाबा, देअर वीक स्टार्ट्स ऑन मंडे," इरा म्हणाली. "सिक्स्थ इज सॅटर्डे."

इथे आठवडा रविवारी उजाडतो आणि सहाव्या घरात सुट्टी येते. ते घर विजयराव डोळे मिटून गाठत असत, आणि नेमकं तसंच त्यांनी ते गाठलं होतं.

मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे हॉटेलंही एक दिवस पुढे आणि गाड्याही! जुळलं की! आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात ते..." पण वाक्य अर्धंच राहिलं. विमान शुक्रवारचं होतं. पहिली रात्र हॉटेल नाही, आणि रोमची शेवटची रात्र उरलेली असताना परतीचं विमान. सुट्टीचा दिवस असूनही त्यांनी ट्रॅव्हल डेस्कवरच्या मृणालिनीला फोन लावला.

"सर, तुमचं फ्लाइट शनिवारचंच आहे," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले बदलून. परतीचं सोमवारी. शशीताई म्हणाल्या, तुम्हीच सांगितलंयत."

विजयरावांनी फोन ठेवला. शशिकलाबाई पोहे पुन्हा गरम करत होत्या.

"संकष्टी शनिवारी आहे," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "उपास कुठल्या गावी सोडायचा, म्हणून हॉटेलचा कागद पाहिला. तर त्यात त्या दिवशी आपण नुसते पोचतोय, आणि विमान तर आदल्या दिवशीचं! हॉटेलं काही बदलून मिळेनात. मग बाकीचं बदललं."

"मला का नाही बोललीस?"

"बोलणारच होते. पण तुम्ही रियाजभाईंना तक्ता दाखवत होतात. चारचौघांत कशाला?"

विजयरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याहूनही जास्त बायकोचं कौतुक वाटलं. शेवटची आशा म्हणून त्यांनी विचारलं, "आणि अरुणकुमारांचा तो ट्यूज़डे?"

"त्यांच्या मिसेसना पुरणपोळ्या शिकवायला गेले होते ना मी."

विजयरावांचे पाय पंधरा दिवसांनी जमिनीला लागले.

दुपारी नमाजाहून परतताना रियाज डोकावला. "विजयभाय, घरवालीला परत युरोपला जायचाय. या वक्ताला ट्रेननं. असा एक तक्ता आमाला पण करून द्या ना."

विजयरावांनी तक्त्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. घसा साफ करून ते म्हणाले, "रियाज, मी नुसते वार बघतो. तिकिटं काढायची तर वहिनींना विचार."

शशिकलाबाईंनी हात पुसले, खिळ्यावरचं मराठी मंडळाचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं आणि चष्मा लावला.

"बसा, रियाजभाई. आधी मला सांगा, पुढच्या वर्षी रमजान कधी लागतोय?"