शिडी, लेबल आणि मानवी पडताळणी

आमच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या तयार होतात. शिडी खराब आहे हे माणसाला वर गेल्यावरच कळतं, आणि कळल्यावर खाली यायला फार वेळ लागत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक शिडी तपासली जाते. हे काम तेवीस वर्षं एकच बाई करत होत्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. पायरी जिथे रिव्हेटने दांड्यात बसवलेली असते, तिथे त्या अंगठा दाबून फिरवत, मान जरा कलती करत आणि "जाऊ दे" किंवा "नको" म्हणत. कारखान्याची अब्रू या एवढ्याशा शब्दांवर उभी होती आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. मलाही नाही. मी उपव्यवस्थापक (सुधारणा) होतो. जे नीट चाललंय ते सुधारणं हे माझं काम.

एकदा मोठे साहेब दोन दिवसांच्या परिषदेला जाऊन आले. धंद्यातले सगळे लोक कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतात, आपणच तेवढे अजून स्वतःची वापरतो, असं त्यांना तिथे समजलं. परतल्या परतल्या बैठक झाली.

"तीन महिन्यांत आपल्याकडे ती सुरू झाली पाहिजे," साहेब म्हणाले.

"कशासाठी, साहेब?" खरेदीप्रमुखांनी विचारलं.

"ते ठरवायला समिती नेमू."

समितीचा प्रमुख मी झालो. मागच्या वर्षी एका बैठकीत पडद्यावर चित्र येत नव्हतं, तेव्हा मी निघालेला प्लग पुन्हा खोचला होता. तेव्हापासून माझ्या गोपनीय अहवालात 'तंत्रज्ञानाची उत्तम जाण' असा शेरा आहे. तो खोडून घेण्याइतका मी प्रामाणिक नाही.

समितीने एक सल्लागार आणला. सल्लागाराने सहा कॅमेरे लावले. शिडी पट्ट्यावरून सरकत कॅमेऱ्यांखाली जायची आणि पडद्यावर हिरवा किंवा लाल चौकोन उमटायचा. पंधरा दिवस बाई आणि यंत्रणा यांची तपासणी शेजारी शेजारी चालली. रिव्हेट ढिली आहे हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे यंत्रणेने ढिल्या शिड्या बिनदिक्कत पास केल्या. छताच्या पंख्याची सावली मात्र दिसते, त्यामुळे सावली पडलेल्या चांगल्या शिड्या नापास झाल्या.

मी धास्तावून सल्लागाराकडे गेलो. तो शांत होता.

"यंत्रणा आणि बाई यांचं एकमत एकाहत्तर टक्के आहे," तो म्हणाला.

"म्हणजे यंत्रणा कमी पडते."

"म्हणजे बाईंची अचूकता एकाहत्तर टक्के आहे. माणसाचा भरवसा नसतो, तो असा."

मला हे पटलं नाही. पण ते रंगीत आलेखात होतं आणि माझं न पटणं कुठल्याच आलेखात नव्हतं. अहवालावर मी सही केली.

तरीही खबरदारी म्हणून 'मानवी पडताळणी'ची सोय ठेवण्यात आली. यंत्रणेचा प्रत्येक निर्णय एका जबाबदार अधिकाऱ्यासमोर येईल आणि तो 'मान्य' किंवा 'अमान्य'चं बटण दाबेल. जबाबदार अधिकारी मीच. पहिले दोन दिवस मी प्रत्येक फोटो निरखून पाहिला. मला त्यात शिडी दिसायची. तिसऱ्या दिवसापासून मी बैठकीत बसून, फोनवर बोलत, एकदा तर दाढदुखीसाठी डॉक्टरांच्या खुर्चीत आडवा होऊन 'मान्य' दाबलं. त्या वेळी माझं तोंड उघडं होतं, पण बोट मोकळं होतं.

बाईंना काढलं नाही, आम्ही माणुसकी सोडलेली नव्हती. त्यांना पाठवणी विभागात 'कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासलेली' हे चंदेरी लेबल चिकटवायला बसवलं.

पहिल्या महिन्यात एकही तक्रार आली नाही. साहेबांनी मला सगळ्यांसमोर ढाल दिली. मी भाषणात यंत्रणेच्या सूक्ष्म नजरेबद्दल बोललो. खाली उतरलो तर गोदामवाले काका बाजूला आले.

"साहेब, शेडच्या मागे एक्केचाळीस शिड्या पडल्यात. लेबल नसलेल्या. त्यांचं काय करायचं?"

बाई लेबल चिकटवताना सवयीने अंगठा फिरवत होत्या. "नको" वाटलेल्या शिडीला त्यांनी लेबलच लावलं नव्हतं. माझ्या ढालीचं रहस्य शेडमागे उघड्यावर रचून ठेवलेलं होतं.

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण ढाल हातात घेऊन खरं बोलणं फार अवघड जातं. एक्केचाळीस शिड्या मी भंगारात काढायला लावल्या आणि परिपत्रक काढलं: 'लेबल लावणाऱ्या कर्मचाऱ्यांनी लेबलव्यतिरिक्त शिडीच्या कोणत्याही भागास अंगठा लावू नये.' बाईंनी ते वाचलं, घडी केली आणि अंगठा लावणं थांबवलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी खास माझ्यासाठी, स्वतःच्या हाताने लेबल लावलेली एक शिडी घरी पाठवली. रविवारी बायकोने ती माळ्याला टेकवली.

"अहो, जरा धरता का? वरच्या बॅगा काढते."

तिने पाय उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब."

"का?"

"तपासायची राहिलीय."

"लेबल आहे की तिच्यावर."

"म्हणूनच म्हणतोय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ही तुमचीच यंत्रणा ना? मग बाकीच्यांनी चढायचं आणि आम्ही नाही, असं का?"

मी शिडी खांद्यावर घेतली आणि दोन गल्ल्या चालत बाईंच्या घरी गेलो. बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ओले हात पुसले, शिडी आडवी ठेवायला सांगितली आणि अंगठा फिरवला. चौथ्या पायरीशी थांबल्या.

"नको. ही कुणी पास केली?"

"मी."

"बघितली होती?"

"मान्य केली होती."

त्यांनी मला पाणी दिलं. मग विचारलं, "परिपत्रकानंतर किती गेल्या?"

"दोनशे बारा."

बाई वळून उरलेले कपडे वाळत घालू लागल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी मी साहेबांसमोर उभा राहिलो. 'शिड्या खराब आहेत' हे वाक्य रात्रभर घोकलं होतं. पण ते म्हटलं असतं तर चौकशी समिती नेमली गेली असती, तिची पहिली बैठक पुढच्या महिन्यात ठरली असती, आणि दोनशे बारा शिड्यांवर तोवर लोक चढले असते. हे कारण खरं आहे. मला नोकरीची भीती वाटली, हेही खरं आहे. मी म्हणालो, "साहेब, दोनशे बारा शिड्यांवर लेबल तिरकं लागलंय."

साहेब उभे राहिले. "तिरकं? त्याच्यावर आपलं चिन्ह आहे. आजच्या आज सगळा माल परत बोलवा."

एका तासात सगळ्या दुकानदारांना फोन गेले. तीन दिवसांत दोनशे दहा शिड्या परत आल्या. बाईंना 'लेबल निरीक्षक' हे नवं पद मिळालं. लेबल सपाट बसलंय का हे पाहण्यासाठी शिडीला सर्व बाजूंनी अंगठा लावण्याचा अधिकार मी त्यांना लेखी दिला. दोनशे दहांत एकोणीस लेबलं तिरकी निघाली. सगळी नेमकी ढिल्या रिव्हेटच्या शिड्यांवर होती. या योगायोगावर सल्लागाराने एक अहवाल लिहिला.

दोन शिड्या आधीच विकल्या गेल्या होत्या. 'लेबल तिरकं असल्यास शिडी बदलून मिळेल' अशी जाहिरात आम्ही दिली. एका गृहस्थांनी फोटो पाठवला: लेबल अगदी सरळ आहे, आम्ही समाधानी आहोत, पाच तारे. मी त्यांना फोन केला.

"तरीही बदलून देतो. आमच्या बाईंनी स्वतः तपासलेली देतो."

"बाईंनी?" त्यांचा आवाज बदलला. "माणसाने तपासलेली नको हो. मुद्दाम यंत्राने तपासलेली म्हणून घेतलीय."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "यंत्राचीच देतो." मग बाईंनी "जाऊ दे" म्हटलेल्या शिडीवर मी स्वतः एक लेबल जास्त लावलं आणि ती त्यांच्या दारात नेऊन दिली. ते खूश झाले.

दुसरी शिडी कुणी नेली ते दुकानदाराला आठवत नाही. नेणाऱ्याने शिडी हलवून पाहिली नाही, लेबल मात्र दोनदा वाचलं, एवढंच तो सांगतो. आमची जाहिरात अजून चालू आहे. तुमच्या घरात अलीकडे घेतलेली शिडी असेल, तर एवढं वाचून तुम्ही उठाल आणि आधी लेबल सरळ आहे का ते बघाल, याची मला खात्री आहे. मीही तेच केलं असतं.