स्टील लाइफ

सुनेच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा माझा नियम. तो मी एकदाच मोडला.

माझी सून सुनयना बेलापूरला ऑफिसात आहे. सुट्टीच्या दिवशी चित्रं काढते. एका प्रदर्शनासाठी ती आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीचं तैलचित्र करत होती. फुलं-पानं रंगवून झाली होती, कुंडी राहिली होती. ती या रविवारी झाली तरच चित्र वाळून वेळेत पोचणार होतं.

शनिवारी ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "अगं, प्रदर्शनात फक्त स्टील लाइफ घेतायत. बाकीचं बाद."

मी गॅलरीत जाऊन बघितलं. कुंडी मातीची. (मी तुर्भ्याच्या मार्केटात उभा जन्म पोती वाहिली. चिठ्ठीवर एक आणि गाडीत दुसरं निघालं की माल परत जातो, हे मला कोणी शिकवायला नको.)

रविवारी ती अंघोळीला गेली तेव्हा मी घरातला सगळ्यात मोठा स्टीलचा टोप घेतला. झाड सुटावं म्हणून कुंडी हळूच ठोकली. ती फुटली. (भाजणीत कच्ची होती.) झाड टोपात बसवलं, माती दाबली, टोप पुसून लख्ख केला.

सुनयना आली.

"बाबा, कुंडी?"

"बाद झाली असती. स्टीलची पाहिजे ना?"

"स्टीलचा काही संबंध नाही, बाबा. स्टिल म्हणजे न हलणारं."

"मग झाड कुठं पळून चाललं होतं?"

आतून माझी बायको रंगूबाई म्हणाली, "मटणाचा टोप कुनी नेला?"

"प्रदर्शनाला चाललाय, आई," सुनयना म्हणाली.

तशीच दुसरी कुंडी शोधेपर्यंत ऊन सरकलं असतं. तिने टोपच रंगवायला घेतला. मी समोर खुर्ची टाकून बसलो. झाड कलंडलं तर धरायला माणूस हवा.

"बाबा, जरा बाजूला होता का? टोपात दिसताय."

"न हलणारं पाहिजे, असं तूच म्हणालीस."

तिने टोपातल्या माझ्यासाठीही रंग कालवला.

चित्र प्रदर्शनात लागलं. मी इस्त्रीचा सदरा घालून त्याच्या शेजारी उभा राहिलो. (कोणी विचारलं तर सांगायला.) रंगूबाई जोडीला होती. एक चष्मेवाले गृहस्थ वाकून वाकून बघत होते.

"टोपात दिसणारा दुधी भोपळा छान आलाय," ते म्हणाले.

मी सदरा नीट केला.

"भोपळा न्हाय वो," रंगूबाई म्हणाली. "आमचं मालक हायत."

गृहस्थांनी चित्राकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मग तर हुबेहूब आहे."