चौदा दिवसांची जीभ

रोज सकाळी दानेश्वरीबाई उखळातली ताजी शेंगा चटणी चिमूटभर उचलून नवऱ्याच्या तळहातावर ठेवायच्या. सिद्धराम अण्णा डोळे मिटून ती जिभेवर घ्यायचे आणि "मीठ कणभर कमी" किंवा "लसूण पुढं गेला" असा निकाल द्यायचे. त्याशिवाय पाकिटं भरायची नाहीत, हा घरचा कायदा. भाजणं, कुटणं, विकणं सगळं बाईंचं. अण्णांकडे एवढी एकच चिमूट, पण त्या चिमटीवर ते सबंध धंदा पेलत होते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्यामुळं छातीत जळजळतं म्हणून दवाखान्यात गेल्यावर पोटात जंतू निघाले आणि त्यांनी छोटासा अल्सर केलाय असं कळलं, तेव्हा अण्णा जंतूंना फारसे घाबरले नाहीत.

"चौदा दिवसांचं किट आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या. बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. आणि तिखट बंद. या गोळ्यांनी तोंडाची चव..."

'तिखट बंद'च्या पुढचं अण्णांना ऐकूच आलं नाही. तिखट बंद म्हणजे चिमूट बंद. मग घरात आपण करायचं काय? बायकोला सांगायचं नाही, हे त्यांनी रिक्षातच ठरवलं. किट आणि चिठ्ठी त्यांनी देव्हाऱ्यात विभूतीच्या डब्यामागं सारली. त्या दिवसापासून जेवण झालं की अण्णा पुन्हा एकदा विभूती लावून येऊ लागले. एवढी भक्ती त्यांनी लग्नानंतर प्रथमच दाखवली.

चौथ्या दिवशी चिमूट तोंडात गेली आणि अण्णांनी डोळे उघडले.

"लोखंड लागतंय."

"कशात?" बाई दचकल्या.

"चटणीत. किल्ली चघळल्यावानी."

रविवारी मोडनिंबच्या एका लग्नाला पंचवीस किलो चटणी जायची होती. बाईंनी मुकाट्यानं लोखंडी कड्याचं मुसळ बाजूला ठेवून शेजारून नुसतं लाकडी आणलं. दुसऱ्या दिवशी चव कडू निघाली. अण्णांनी शेंगदाणे खवट ठरवले आणि पोतं चांदसाबच्या दुकानात परत धाडलं. चांदसाबनं नवीन पोतं दिलं. त्यानंतर मीठ बदललं. मग सकाळचा चहाही गंजका लागला, तेव्हा पातेलं बदललं. बाई एरवी चमचा बदलायचा म्हटला तरी दोन प्रश्न विचारतील, पण या वेळी त्या प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होत्या.

रविवारी टेम्पो दारात उभा राहिला आणि अण्णा डब्यांपुढं आडवे झाले. "ही चटणी जाणार न्हाय. नाव जाईल आपलं."

तेवढ्यात परत आलेल्या पोत्याचा जाब विचारायला चांदसाब आला. त्यानं डब्यातली चटणी चाखली. "एक नंबर हाय की अण्णा. मीठ बी बरोबर." मग खिशातला पेढा काढला. "हे खावा."

अण्णांनी खाल्ला. "ह्यात पण लोखंड हाय."

"पेढ्यात?" चांदसाब विचारात पडला. "आमच्या खातूनबीला असंच झालतं. पोटातल्या जंतूच्या गोळ्या चालू होत्या, तवा. तुमाला काय गोळ्या..."

अण्णांनी नकळत देव्हाऱ्याकडं पाहिलं. बाई उठल्या आणि विभूतीच्या डब्यामागून किट काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"तुला ठावं होतं?"

"देव्हारा रोज कोण पुसतंय? चिठ्ठीवर लिवलंय, तिखट बंद. तुमी सांगाल म्हणून थांबले."

"मग चिमूट कशी दिलीस?"

बाई पदराशी चाळा करू लागल्या. "तुमची चिमूट येगळी काढत होते. दाण्याचा कूट, जिरं, मीठ. रंगाला वाळल्या बीटाची पूड. लोखंड लागतंय म्हणालात, तवा मला वाटलं बीट गावलं तुमाला. म्हणून तर मुसळ बदललं, गप बसले."

सहा दिवस आपण बीट चाखून निकाल देत होतो, हे अण्णांना पचायला जड गेलं. टेम्पो अण्णांनी न चाखलेली चटणी घेऊन निघून गेला आणि ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. बाईंना त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांदसाब चौकशीला आला. अण्णा गुमानं दहीभात खात होते. बाई स्वयंपाकघरातून लगबगीनं बाहेर आल्या.

"आत्ताच मोडनिंबचा फोन आलता. चटणी लई आवडली म्हणाले. फकस्त मीठ कणभर कमी पडलं."

अण्णांचा हात ताटात थांबला. ते ताठ बसले. "बघ. मी चाखली असती तर?"

"व्हय की. आता गोळ्या संपू द्या, डॉक्टरीणबाईंना इचारू, मग तुमीच चाखा. तवर मी अंदाजानं करते."

"चौदा दिवस एक गोळी चुकवणार न्हाय," अण्णा म्हणाले आणि मागून भात घेतला.

चांदसाबनं खिडकीकडं पाहिलं. सकाळपासून गेलेली वीज आताच आली होती आणि घरातले दोन्ही फोन तिथं चार्जिंगला लावलेले, अजून बंदच होते. त्यानं बाईंकडं पाहिलं. बाईंनी त्याच्यापुढं चहाचा कप सरकवला.

"हौ अण्णा," चांदसाब म्हणाला, "मला पण मीठ कमीच लागलतं. काल खरं बोललो न्हाई."